जवाईबापूंचा रेडिओ

चुनीलालने मोटारीत रेडिओ बसवून घेतला, तेव्हा मेकॅनिकने बजावले होते, "इंजिन बंद असताना फार वाजवू नका, बॅटरी उतरेल." ही गोष्ट तो सासरवाडीत हसत सांगायचा आणि कोणी कौतुक केले की पुन्हा बटण फिरवायचा. बायकोला मात्र माहेरी एक रात्र राहू देत नसे. सकाळी विसरवाडीला आणायचा, दिवेलागणीला परत न्यायचा.

या खेपेला जसोदाला आईशी पोटभर बोलायचे होते. पण आई दिवसभर मोटारीच्या खिडकीशीच उभी. "जवाईबापू, आखो एक गानं लावा ना." जसोदा चुलीपुढे एकटीच डोळे पुसत राहिली.

निघताना गाडी सुरू होईना. हँडल मारले, गावाने ढकलली, तरी नाही. आता उद्या बॅटरी नवापूरला चार्जिंगला न्यायची, म्हणजे परवापर्यंत मुक्काम. चुनीलाल चरफडत ओसरीवर आडवा झाला.

आत जसोदाने रुसून विचारले, "माय, तुले गानास्नं इतलं याड शे का?"

आपल्या गोधडीला लावून लेकीची गोधडी अंथरत आई म्हणाली, "गानं कसानं, बेटा? माले तं बॅटरी उतारनी व्हती."