एका गालाचा लेप

वाटी भिंतीवर आपटली आणि दह्याचा ओघळ थेट शेगडीवर उतरला. मंदाच्या दुसऱ्या हातात उन्नतीची वेणी होती. तिने मनगटाभोवती वेणीचा एक वेढा घेतला आणि हिसका देऊन पोरीचं तोंड आपल्याकडे वळवलं.

डाव्या गालावर पांढरा लेप होता. उजवा गाल कोरडा.

"अर्ध्याच तोंडाला? बाकीच्या अर्ध्याला कोन लावनार, तो?"

दहावीतली पोर, पण मार खाताना दगडासारखी गप्प राहायची. त्या गप्प राहण्यानेच मंदाचं डोकं आणखी फिरायचं.

मंदा पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये कामाला होती. गिऱ्हाइकांनी परत धाडलेली पार्सलं उघडायची आणि आतला माल तपासायचा, हे तिचं काम. दिवसभर तिच्या हाताखालून क्रीमच्या डब्या आणि ट्यूबा जायच्या. सगळ्यांवर एकच भाषा. रंग उजळेल, चारचौघांत उठून दिसाल. बाई तोंडाला काही लावते ती कुणाला तरी दाखवायला, एवढं मंदा त्या डब्यांकडून शिकली होती. आणि त्याच्याही आधी कमळकडून. कमळ म्हणजे तिची धाकटी बहीण. ती अशीच आरशापुढून हलत नसे. शाळेत असतानाच यंत्रमागावरच्या एका लूमवाल्याबरोबर पळून गेली आणि परत आली ती कडेवर मूल घेऊन, पुढचे दात पडलेले.

उन्नतीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. पोर शिकली पाहिजे, नोकरीला लागली पाहिजे. त्यासाठी मंदा हात आखडता घेत नसे. काल दूध उतू गेलं म्हणून हात उठला होता, परवा फोन उचलला नाही म्हणून. तेवढं तर कुठलीही आई करते.

आज माल कमी आला, शिफ्ट लवकर सुटली. मंदा अवेळी कोन गावातल्या आपल्या चाळीत परतली, आणि पोर आरशासमोर सापडली.

"पैसे कुठनं आनलेस गं याला?"

"पैसे न्हाय लागत. घरातलंच हाय."

खरंच घरातलंच होतं. रात्रीचं उरलेलं दही, चमचाभर तांदळाचं पीठ, दारातल्या तेलाच्या डब्यात वाढवलेली कोरफड.

"कदीपासनं चाललंय?"

"दिवाळीपासनं."

म्हणजे इतके महिने. मंदाच्या डोळ्यांपुढे कमळचं बोळकं आलं. तिने ओट्यावरचं लाटणं उचललं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीत. तिसरा चुकला आणि आरसा फुटला. काच पायात गेली तरी पोरीने हूं की चूं केलं नाही. मंदाने तिला वेणीने फरफटत दारात आणलं आणि कोरफडीच्या डब्याला लाथ घातली. डबा पायऱ्यांवरून गडगडत गेला. माती सांडली. मंदाच्या चपलेखाली पानं चिरडली, त्यांचा चिकट रस फरशीवर पसरला.

तेवढ्यात शेजारची वनिता आली. तिच्या रुमालात स्टीलचे दोन चमचे होते, बर्फासारखे गार.

"उन्नती, चमचे काढले गं फ्रिजातनं..." समोरचं पाहून ती थांबली. "मंदा! अगं वेणी सोड तिची पहिली."

"तू बी सामील हाय व्हय? माज्या पोरीला नटवायचा धंदा तुज्या फ्रिजात चाललाय?"

वनिताने तोंड उघडलं. मग तिने उन्नतीकडे पाहिलं. वेणी हलू देत होती तेवढंच डोकं हलवून उन्नतीने तिला नको म्हटलं.

ते मंदाला दिसलं. तिने लाटणं काखेत मारलं, चमचे हिसकावले आणि वनिताच्या अंगावर भिरकावले. एक भुवईवर बसला. कातडी फाटली, रक्ताची धार डोळ्यात उतरली. वनिता पदर दाबून खाली बसली. शेजारची दारं उघडली, पण पुढे कुणी आलं नाही.

"उद्यापासनं शाळा बंद तुजी!" मंदा पुन्हा लाटणं उगारून ओरडली. "बोल आता. कोनासाठी चाललंय हे? कोन बघतो तुला?"

उन्नतीने वनिताच्या पदरावरचं रक्त पाहिलं.

"वर्गाच्या बाई बघतात," ती म्हणाली.

"काय?"

"रोज गाल बघतात माझा. मी म्हनते पडले, मी म्हनते दार लागलं. आता म्हनतात, पुन्हा दिसलं तर पोलिसात सांगेन. तुला नेतील ना मग." ती एकेक गोष्ट सावकाश सांगत होती, लहान मुलीला गणित समजवावं तशी. "गार चमच्याने सूज उतरते. दह्याने आग कमी होते. कोरफडीने सकाळपर्यंत लाली जाते. जाताना वर थोडं पीठ चोळलं, की तुझी बोटं दिसत न्हाईत."

मंदाचा लाटणं धरलेला हात वरच राहिला. दुसऱ्या हातातली वेणी केव्हा सुटली, ते तिला कळलं नाही.

उन्नती वाकली. सांडलेल्या मातीतून तिने कोरफडीचं मूळ उचललं, माती झटकली, चिरडलेली पानं बाजूला केली. मग मान वर करून आईकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"आई, अजून मारायचं असेल तर आत्ताच मार. एकच पान राहिलंय."