ओढ्यापलीकडची शीळ

रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला फसवायचं नाही, हा आमच्या पक्षी-क्लबचा नियम क्लब चालवणाऱ्या लेननेच केलेला. कुणी मोडला की म्हातारा चारचौघांत खरडपट्टी काढायचा. पण आमच्या खोऱ्यात रीजंट हनीईटर हा दुर्मीळ पक्षी दिसून अकरा वर्षं झाली होती आणि मला त्याचा एक तरी फोटो हवा होता. म्हणून सकाळी एकटीच ओढ्याकाठी गेले, निलगिरीच्या आड बसले आणि फोनवर त्याची शीळ वाजवली.

ओढ्यापलीकडून उत्तर आलं!

मी पुन्हा वाजवली, पुन्हा उत्तर. कॅमेरा आवाजाच्या रोखाने वळवला, तर झुडपाआड लेन बसलेला, आणि शीळ येत होती ती त्याच्या हातातल्या स्पीकरमधून. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्याची बायको मॉरीन, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली. डॉक्टरांनी तिला महिनाभराचीच मुदत दिलीय, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"अरे लबाडा!" असं मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्याचा आवाज पाण्यावरून आला.

"ऐकलंस, मॉरीन? उत्तर दिलं त्याने! म्हणत होतीस ना, सगळे संपले, आता कशाला वणवण करतोस? एक उरलाय गं!"

मॉरीन हसत होती. "परत बोलाव ना रे त्याला."

लेनने शीळ वाजवली. दोघं कान देऊन बसले.



मी कॅमेरा खाली ठेवला आणि फोनवरचं बटण दाबलं.