टॅनरीचा नवा गायक

"त्या बाईला काढलं ते बरं केलं," नायजेल म्हणाला आणि दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

बेव्हर्ली मांडणीआड उभी होती. काढलेली बाई ती. लीड्समधल्या 'टॅनरी' या बँडची गायिका. आतापर्यंतच्या तिन्ही रेकॉर्डवर तिचाच आवाज. चौथीची गाणी गाऊन ती आईच्या आजारपणाला व्हिटबीला गेली आणि उरलेलं काम गिटार वाजवणाऱ्या क्लाइव्हवर आणि ड्रमवाल्या ग्रॅहमवर सोपवलं. आज सकाळी परतली तर बसस्टँडवरच्या संगीताच्या साप्ताहिकात छापलं होतं, की टॅनरीला अखेर खरा गायक सापडला. क्लाइव्ह फोन उचलत नव्हता. म्हणून ती डोक्याला रुमाल बांधून गॉर्डनच्या रेकॉर्डच्या दुकानात आली होती.

दर शनिवारी गॉर्डन एक नवी रेकॉर्ड अथपासून इतिपर्यंत वाजवायचा आणि गावातली लांब कोटवाली मंडळी चहाचे मग हातात घेऊन न्यायनिवाडा करायची. विकत घेणारे थोडे, नाकं मुरडणारेच फार. आज टॅनरीची चौथी लागली होती आणि कुणी नाक मुरडत नव्हतं. गिटार कशी पाय ओढत चालते, ड्रम कसा विचार करून पडतो, यावर सगळ्यांचं एकमत होतं. डॉरीन नावाची नर्स म्हणाली, कामावरून घरी गेल्यावर ही लावल्याशिवाय तिला जेवण जात नाही. आणि सगळ्यांवर कडी करणारा तो गायक.

"ती नुसती किंचाळायची," नायजेल म्हणाला. "हा भोगलेलं बोलतो."

शब्द बेव्हर्लीचे होते. वडिलांची गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरात बसून तिने लिहिलेले. आणि ते कोण कुठला पुरुष बापाच्या इस्टेटीसारखे वापरत होता. ज्यांच्याबरोबर गळक्या व्हॅनमध्ये गारढोण चिप्स खाऊन दिवस काढले, त्यांना तोंडावर सांगायचंही धाडस झालं नव्हतं. तिला रडू येत होतं, त्याहून जास्त राग.

तिसऱ्या गाण्यात कडव्याच्या मध्येच तो पुरुष हसला.

बेव्हर्ली दचकली. गाणं रेकॉर्ड करताना नेमकं तिथे ग्रॅहमच्या हातून ड्रमची काठी निसटली होती, क्लाइव्हच्या नडगीवर बसली होती, आणि तिला हसू आवरलं नव्हतं. राहू दे तसंच, क्लाइव्ह म्हणाला होता. काठी इथेही पडली, पण सावकाश. मग ते हसू आलं. तिचंच, फक्त जडावलेलं.

तिने काउंटरवरचं वेष्टन उचललं. करडा रंग, वर एक अक्षर नाही. हा क्लाइव्हचा हट्ट. नावगाव छापणं म्हणजे दुकानदारी, ऐकणाऱ्याने आपलं आपण शोधावं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. क्लाइव्हला शब्दाचाच विटाळ. त्यामुळे आवाज दणदणीत यावा म्हणून ही मोठी रेकॉर्ड छोट्या रेकॉर्डसारखी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या गतीसाठी कापली आहे, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. मोठी रेकॉर्ड तेहतीसवर लावायची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून सारं इंग्लंड ती तेहतीसवर ऐकत होतं, आणि गती मंदावून आवाज जडावल्याने बाईचा पुरुष झाला होता.

बेव्हर्लीचा जीव भांड्यात पडला. तिने गॉर्डनला सांगितलं, जरा पंचेचाळीसवर लावा. त्याने खांदे उडवून बटण फिरवलं. तिचा आवाज उसळून बाहेर आला. उंच, घाईचा, चिडका, ती गायली होती तसाच. डॉरीनने कान झाकले.

"काढा ते," नायजेल म्हणाला. "आमच्या माणसाला गाऊ द्या."

बेव्हर्ली खळखळून हसली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तिला कुणी काढलेलं नव्हतं, तेवढं पुरे होतं. ती तशीच रेल्वेच्या कमानींकडे निघाली. तिथल्या खोलीत त्यांची तालीम चाले. क्लाइव्ह बिचारा लाजेने फोन उचलत नसेल, असं तिला वाटलं. पुढच्या खेपेला वेष्टनावर एक चिठ्ठी चिकटवली की झालं.

खोलीबाहेर पुरुषांची रांग होती. कुणी घसा खाकरत होतं, कुणी तिचे शब्द पुटपुटत होतं. आत कुणीतरी तेच कण्हत गात होतं. ते थांबलं आणि क्लाइव्ह दारात आला. तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

गती चुकल्याचं कळलं का, तिने विचारलं. त्यांना केव्हाच कळलं होतं. पण तोवर मँचेस्टरपासून लंडनपर्यंत सभागृहांकडून कार्यक्रमांची मागणी आली होती, आणि सगळ्यांना तो माणूस हवा होता. तेव्हा कुणाला काही सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. एवढं सांगताना क्लाइव्हने मान खाली घातली. मग जुन्या मैत्रिणीपाशी गाऱ्हाणं सांगावं तसा तो दाराला टेकला.

"सकाळपासून एकेकाला ऐकतोय, बेव्ह," तो म्हणाला. "पण त्याच्यासारखं एकालाही जमत नाही."