तटावरून पडण्याचा प्रसंग

पहिली थप्पड बसली तेव्हा आत्मारामसर पडवीत बसून चहा पीत होते. कप उडाला, चष्मा उडाला, आणि सर खुर्चीसकट लादीवर आडवे झाले. सिनेमात होतो तसला ढिशूम आवाज वगैरे काही झाला नाही. ओला फडका आपटावा तसा नुसता फट् आवाज आला.

"उठा!" हर्षद ओरडला. मांडवीतलाच तो, मच्छीमार बोटीवरचा तांडेल. त्याचं मनगट काय सांगावं महाराजा! दुसऱ्या हातात रविवारचं साप्ताहिक चुरगळलेलं. "हे तुम्हीच लिहिलंत ना?"

लिहिलं होतं खरं. चाळीस वर्षं सर त्या साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहीत होते. पौराणिक झाले, तमाशाचे झाले, विनोदी झाले, भुताचे झाले, आता रक्ताच्या चिळकांड्या उडवणारे आले. सरांनी कुणालाच सोडलं नाही. देवाच्या सिनेमातला देव त्यांना 'पगारी' वाटायचा आणि भुताच्या सिनेमातलं भूत 'पोटभर जेवून आलेलं'. लोक आधी सरांचं वाचायचे, सरांना शिव्या घालायचे, आणि मग सिनेमा बघायला जायचे. या खेपेचा सिनेमा तर इथल्याच पोरांनी, इथल्याच किल्ल्यावर काढलेला. सरांनी लिहिलं होतं : 'तटावरून पडण्याचा प्रसंग हास्यास्पद. पडणाऱ्याला भीती वाटत नाही, कारण खाली गादी आहे हे त्याला माहीत आहे, आणि आपल्यालाही.'

"तो पडणारा माझा भाऊ आहे, समर्थ," हर्षद म्हणाला. "कमरेखाली लाकूड झालंय त्याचं. आठ महिने खाटेवर आहे. आणि तुम्हाला गादी दिसते?"

"पडणारा तो होता हे मला ठाऊक नव्हतं रे..."

"ठाऊक नव्हतं तर लिहायचं कशाला?"

त्याने सरांची गचांडी धरून त्यांना उठवलं आणि त्यांचं डोकं खांबावर आपटलं. मग परत आपटलं. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. सर खाली घसरले तशी बरगडीत लाथ बसली. सरांच्या बायको राजश्रीबाई आतून पळीसकट धावत आल्या. "अरे मेल्या, म्हातारा माणूस आहे तो! जीव घेतोस काय?" त्यांनी पळीनेच त्याच्या पाठीत दोनचार हाणल्या. त्याला त्याचा पत्ताही नव्हता, कारण तो आता स्वतःच रडत होता.

"चार दिवस झाले. हे वाचल्यापासून अन्नाचा कण घेतला नाय त्यानं. भिंतीकडे तोंड करून पडलाय. मरेल ओ तो." हर्षदने नाक पुसलं आणि सरांचा दंड धरला. "चला. त्याला सांगायचं, पडणं खरं वाटलं म्हणून. नाय सांगितलंत तर तटावरून तुम्हाला मी टाकतो. गादीबिदी काय नाय!"

घर दोन आळ्या पलीकडे. हर्षदने सरांना तिथवर अनवाणी ओढत नेलं. लोक दारांत आले, पण तांडेलाच्या मध्ये पडायची छाती कुणाची होणार! राजश्रीबाई मागून चालत पोलिसांना फोन लावत होत्या. वाटेत सर एकदा थुंकले, तेव्हा दात पडला.

समर्थने भिंतीकडचं तोंड वळवलं आणि सरांचा अवतार बघून तो हादरलाच.

"दादा, काय केलंस हे?"

"सरांना बोलायचंय तुझ्याशी," हर्षद म्हणाला. "बोला सर."

सरांनी सख्ख्या जावयाच्या सिनेमालासुद्धा कधी खोटी शाबासकी दिली नव्हती. पण चादरीखाली काटक्यांसारखे ते दोन पाय त्यांनी बघितले. हर्षदच्या भीतीने नव्हे, देवाशपथ नव्हे, त्या पोराच्या मायेने ते म्हणाले, "खरं वाटलं रे बाळा. अंगावर काटा आला. माझंच चुकलं."

समर्थ हसला. चार दिवसांनी पहिल्यांदा हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"तुम्हीपण खोटं बोलायला लागलात, सर? अख्ख्या थेटरानं शिट्ट्या मारल्यान. गादी दिसली ती एकट्या तुम्हाला."

"कसली गादी?" हर्षदने विचारलं.

"पिक्चरमध्ये आहे ना, तो पहिला टेक, दादा. पडलो आणि हसत उठलो. डायरेक्टर म्हणाला, ओके. मलाच तो खोटा वाटला. चारातल्या तीन गाद्या मीच काढायला लावल्या आणि परत उडी मारली." समर्थने आपल्या मांडीवर चापट मारली, दुसऱ्या कुणाच्या मांडीवर मारावी तशी. "हे त्या दुसऱ्या टेकचं. तो दाखवला असता तर केस झाली असती. प्रोड्यूसरनं पुसून टाकलान."

"मग जेवत का नाहीस?" हर्षदचा आवाज चिरकला.

"यांचं वाचलं आणि कळलं, माझं बरोबर होतं. पहिला खोटाच होता. पण काय उपयोग?"

हर्षदने तो सिनेमा तीनदा बघितला होता. तीनही वेळा तो प्रसंग आला तशी त्याने मान खाली घातली होती, कारण भावाला पडताना बघणं त्याला झेपत नव्हतं. आता तो मटकन जमिनीवर बसला. मुठीवर सरांचं रक्त होतं. तो ते लेंग्याला पुसत राहिला. 

समर्थ सरांकडे एकटक बघत होता.

"दुसरा झक्कास झालेला, सर," तो म्हणाला. "तुम्ही बघायला हवा होता."