नारव्हालचा दात

नातीच्या लग्नाला दहा दिवस उरले होते. भिकुबाई धुळ्यात दातांच्या डॉक्टर चेलना यांच्याकडे आल्या आणि खुर्चीत बसताच तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "हाऊ एकच दात उरेल शे, माय. काढी टाक. फोटोमा लोके हसतीन."

दात चांगला घट्ट होता. थोडा पुढे आलेला, एवढंच. चेलनाला तो काढवेना. तिने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यात बर्फाळ समुद्रातला नारव्हाल, म्हणजे देवमाशाच्या जातीतला एक प्राणी, पाण्यातून डोकं वर काढत होता.

"आजी, बघा. याच्या तोंडात चावायला एकही दात नाही. हा एवढा एकच, वरचा ओठ फोडून बाहेर आलेला. माणसाहूनही लांब वाढतो."

"मंग जेवस कसा?"

"मासे अख्खे गिळतो. आणि या दाताने त्याला पाण्याचा खारटपणासुद्धा कळतो."

"एक दातवर इतला थाट!"

भिकुबाईंनी व्हिडिओ तीनदा पाहिला आणि दात न काढताच घरी गेल्या. लग्नाच्या प्रत्येक फोटोत त्या सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या, तोंडभरून हसत.

लग्नानंतर चारच दिवसांनी त्यांच्या थोरल्या जाऊबाई दवाखान्यात आल्या. पंचाहत्तरी ओलांडली तरी त्यांचे सगळे दात शाबूत होते. खुर्चीत बसून त्यांनी मोठा आ केला.



"पुढला एक ऱ्हाऊ दे, माय. बाकीना बठ्ठा काढी टाक."