बारा नंबरचा आंबा

रानातली झाडं न तोडता राखली की वर्षाला सरकारी अनुदान मिळतं, म्हणून सोनूबाईच्या नवऱ्यानं, धाकटूनं, वरच्या रानातल्या चाळीस झाडांवर पांढरे नंबर टाकून घेतले होते. चार वर्षं त्यानं तिथे कुणाची कोयती चालू दिली नाही. चुलीला लाकूड हवं म्हटलं तरी सोनूबाईला झावळ्यांवरच भागवावं लागे.

यंदा तपासणीला आलेला साहेब अकरा नंबरच्या पुढे थबकला. बारा नंबरच्या रायवळ आंब्याचा नुसता खुंट उरला होता.

"काकी, एक झाड गेलं तरी अनुदान थांबतं. तोडलं कुणी?"

"वाडीतल्या माणसांनी. कुठला तोडू म्हणून विचारलानी, मी ह्याच्याकडे हात केला."

"आणि धाकटूभाऊ बघत बसले? बोलवा त्यांना, जबाब लिहून घेतो."

सोनूबाईनं खुंटावरचा पाला हातानं बाजूला सारला.



"ह्ये अंगणात निजवलेले होते, साहेब. त्यांच्याच सरणाला तोडला."