शोभेचा नळ

फाटकाशी बसवलेला पितळी नळ कॉलेजातल्या एका मुलीने फिरवला. पाणी आलं नाही, तशी ती हसली. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्याला हात करून म्हणाली, "आजोबा, तुमच्या नळाला पाणीच नाही."

दर रविवारी हेरिटेज वॉकला आलेल्यांना मी गिरगाव दाखवते आणि या टॉवरपाशी हमखास थांबते. इथे आमची चाळ होती. ती जळून गेल्यावर मालकाने टॉवर बांधला आणि आमचा नळ घासूनपुसून शोभेला लावला.

"आग लागली तेव्हाही हा असाच कोरडा होता," मी नेहमीचं सांगू लागले. "आम्ही खोल्या सोडाव्यात म्हणून मालकाने पाणी तोडलं होतं. माझी आई बादली घेऊन इथे उभी राहिली. आत माझा धाकटा भाऊ होता."

मालकाचं नाव मी कधी घेत नाही. तो वर बसून ऐकतो, तेवढं मला पुरत आलंय. एकदा त्याने वॉचमनकरवी रस्ता बदलायला सांगितलं. तेव्हापासून मी इथे जास्त वेळ थांबते.

मुलीचं हसू कधीच गेलं होतं. "कोण होता हो तो मालक?"

मी वर बघितलं. म्हाताऱ्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून हात जोडले.

पाण्यासाठी माझी आईही त्याच्या दारात अशीच हात जोडून उभी होती.

"वर जा, बाळ," मी म्हटलं. "आजोबांना विचार."